आधी कोच जातो की क्लब?

तलासरी तालुक्यातलं उधवा म्हणजे महाराष्ट्राचा पार वरचा कोपरा. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला दादरा-नगर हवेली. सिल्वासा हाकेवर, मुंबई लांब. पण फुटबॉलवरून चिडायचं असेल तर इथल्या पोरांना मुंबईकडेच तोंड करावं लागतं, कारण गुजरातचा एकही क्लब आजवर इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, उतरलेला नाही. बरं, चिडायला तिकीट लागत नाही. मोबाइलचा डेटा पुरतो.

‘कोच हटवा’, ‘तो पोरगा विकलाच कशाला’, ‘पैसे गेले कुठे’ ही तीन वाक्यं जगातल्या कुठल्याही फुटबॉलवेड्याच्या तोंडी सापडतात. आपल्याकडे त्यात चौथं जोडावं लागतं: ‘पुढच्या वर्षी क्लब आहे ना?’ या चौथ्या वाक्याचा इतिहास भलताच मजेशीर आहे. म्हणजे, ज्याचा क्लब बुडालेला नाही त्याच्यासाठी.

खालिद गेला आणि तळ लागला

कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी आठवतोय? २००७ मध्ये जन्मलेला, आय-लीगमधला. २००९ ते २०१६ खालिद जमील त्याचा कोच होता. गोल कमी, बरोबऱ्या फार, बचावावरच सगळा भर, अशी कुरकुर कायम. संघ तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात घुटमळायचा खरा, पण खालच्या श्रेणीत एकदाही घसरला नाही. २०१६ मध्ये दोघांची फारकत झाली.

पुढच्या हंगामात काय झालं? मुंबई एफसीने हंगामाच्या मधेच पुन्हा कोच बदलला. संतोष कश्यप गेले, स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आले. तरी संघ दहापैकी दहावा आला आणि बाहेर पडला. त्याच हंगामात खालिद मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे होता. हा संघ आदल्या वर्षी स्वतःच घसरलेला. गोव्याच्या क्लबांनी रागावून लीग सोडली म्हणून त्याला जागा परत मिळालेली. त्या आयझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून २०१७ ची आय-लीग जिंकली! ईशान्येकडचा तो पहिला राष्ट्रीय विजेता. आणि संघात कोण? मुंबई एफसीकडून पूर्वी खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता. म्हणजे कोचही आपला, पोरंही आपली, करंडक मात्र आयझॉलला.

१ ऑगस्ट २०२५ ला हाच खालिद भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. ब्रुझॉनचंही वाईट झालं नाही. बांगलादेशात बसुंधरा किंग्जला त्याने पाच लीग विजेतेपदं मिळवून दिली. मुंबई एफसीने मात्र घसरल्यावर दुकानच बंद केलं.

गोव्याने काढला, मुंबईने उचलला

कोच काढण्याची किंमत काय असते हे विचारायचं असेल तर फातोर्ड्याच्या स्टेडियमबाहेर विचारा. ३१ जानेवारी २०२० ला एफसी गोवाने सर्जिओ लोबेराला नारळ दिला. कधी? संघ तक्त्याच्या वरच्या टोकाला असताना, साखळीचे मोजके सामने उरलेले असताना! गोंयकारांना त्याचा खेळ आवडायचा. चेंडू पायात ठेवून, नाचवत, गोलांचा पाऊस पाडणारा. क्लिफर्ड मिरांडाने हंगामी म्हणून सूत्रं घेतली, संघाने जमशेदपूरला ५-० धुतलं आणि साखळीत पहिला नंबर पक्का केला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचणारा पहिला भारतीय क्लबही गोवाच ठरला. पण उपांत्य फेरीत चेन्नईयनकडून एकूण ५-६ असा पराभव. पाच गोल करूनही घरी! आता हा दोष कोच काढल्याचा, की बचावाचा? गोव्यात अजूनही यावर एकमत नाही, आणि होऊही नये. असे वाद मिटले तर रविवारी माणसांनी बोलायचं काय?

खरी गंमत पुढे. आयएसएलमधल्या मुंबई सिटीने लोबेराला उचललं आणि त्याच्या मागोमाग अर्धा गोवा आला: ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मोर्तादा फॉल, आणि अस्सल गोव्याचा मंदार राव देसाई. दुसऱ्या क्लबची स्वयंपाकघरासकट बिऱ्हाडं हलवली म्हणा ना. करोनामुळे २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यातच, प्रेक्षकांविना झाला. उपांत्य फेरीत गाठ पडली ती मुंबई आणि गोव्याचीच. पहिला सामना २-२, दुसरा ०-०. पेनल्टीच्या आधी दोन्ही संघांनी आपापला गोलकीपर बदलला, आणि तिढा ६-५ वर सुटला. मुंबईसाठी विजयी पेनल्टी मारली रोवलिन बॉर्जिसने. तोही गोव्याचाच!

मग १३ मार्च २०२१ ला, फातोर्ड्यावर, अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ हरवलं. साखळीतला पहिला नंबर आणि करंडक, दोन्ही एकाच हंगामात. गोव्याच्या चाहत्याने आपल्याच स्टेडियममध्ये आपल्याच जुन्या कोचला करंडक उचलताना पाहिलं, तेही टीव्हीवर, कारण आत जायला बंदी.

मुंबईकरांनी फार हसू नये. त्याच वर्षी लोबेरा गेला. बूमूस तर थेट त्याच मोहन बागानकडे गेला. पुढचा हंगाम मुंबई पाचवी.

पुण्यातला कोच-मेळा

एफसी पुणे सिटीचं आयुष्य पाच हंगामांचं. तेवढ्यात कायम कोच सहा: फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अँटोनिओ हबास, रँको पोपोविच, मिगेल अँजेल पोर्तुगाल आणि फिल ब्राऊन. मधे हंगामी प्रद्युम रेड्डी. पोर्तुगालसाहेबांना २०१८ मध्ये तीन सामन्यांनंतर निरोप मिळाला. बालेवाडीला त्यांची नीट ओळखही झाली नसेल.

हबासची गोष्ट विशेष. पुण्याला येण्याआधी त्याने कोलकात्याला २०१४ ची पहिली आयएसएल जिंकून दिली होती. पुण्यात सहावा नंबर. २०१७ चा हंगाम तोंडावर असताना तो गेला, आयत्या वेळी आलेल्या पोपोविचने संघाला पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेलं. इथे तरी कोचबदल फळला म्हणायचा. पण हबास कोलकात्याला परतला आणि २०२० मध्ये पुन्हा करंडक घेऊन मोकळा झाला. या माणसाला कोलकात्याचं पाणी मानवतं, एवढाच निष्कर्ष.

फिल ब्राऊन तर जगप्रसिद्ध. २६ डिसेंबर २००८ ला इंग्लंडमध्ये हल सिटीचा कोच असताना मध्यंतराला ४-० ने मागे पडलेल्या आपल्या खेळाडूंना त्याने ड्रेसिंग रूममध्ये नेलंच नाही. मैदानातच, प्रेक्षकांसमोर, गवतावर बसवून झापलं. हा माणूस डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याच्या बाकावर!

आता ही साखळी पाहा. २०१९ मध्ये पुणे सिटी बंद. तिची लीगमधली जागा हैदराबाद एफसीला. हैदराबाद २०२२ मध्ये आयएसएल विजेता. तेच हैदराबाद २०२५ मध्ये उठून दिल्लीला गेलं आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं. पुण्याच्या चाहत्याने आता कुणाच्या नावाने खडे फोडायचे?

नाव मोठं, सामने चार

आयएसएलच्या सुरुवातीला खेळाडू-खरेदीचा एकच मंत्र होता: नाव ओळखीचं हवं, वय विचारू नका. मुंबई सिटीने २०१४ मध्ये आर्सेनलचा जुना तारा फ्रेडी लुंगबर्ग आणला. तो मोजून चार सामने खेळला, गोल शून्य. पुढे २०१९ मध्ये आर्सेनलचा हंगामी कोच झाला, आणि तिथेही लोक वैतागलेलेच होते.

निकोलस अनेल्काला दुसऱ्या वर्षी खेळाडू आणि कोच अशी दोन्ही कामं दिली. त्याच्या राज्यात २०१५ मध्ये फातोर्ड्यावर ७-० असा मार बसला. गोव्याच्या दोघांनी, डूडू आणि हाओकिप, एकाच सामन्यात हॅटट्रिक केली. कोच चुकला की खेळाडू चुकला, हा प्रश्न त्या रात्री कुणाला पडला नसेल. दोन्ही एकच होते.

अपवाद दिएगो फोर्लानचा. २०१० च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू २०१६ मध्ये अंधेरीत आला तेव्हा ‘हाही म्हातारा’ असं लोक म्हणाले. त्याने केरळविरुद्ध हॅटट्रिक ठोकली, मुंबई साखळीत पहिली आली. मग उपांत्य फेरीत त्याला लाल कार्ड मिळालं आणि सगळं मुसळ केरात.

अर्धं वर्ष आमचा

१० जुलै २०१५. मुंबईत आयएसएलचा लिलाव. सुनील छेत्रीवर बोली १ कोटी २० लाखांपर्यंत गेली आणि तो मुंबईचा झाला, त्या दिवसाचा सगळ्यात महाग. त्यानेही पैसे वसूल करून दिले: आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला भारतीय तोच, मुंबईच्याच जर्सीत. पण तो पुरता मुंबईचा नव्हताच. तेव्हा आयएसएल काही महिन्यांची असायची, नंतर खेळाडू आपापल्या आय-लीग क्लबांत परतायचे. छेत्री परतायचा बंगळूरला. दिवाळीत ज्याच्या नावाने ओरडायचं, संक्रांतीनंतर त्याच्याच विरुद्ध ओरडायचं!

ही पद्धत २०१७ मध्ये संपली. बाजार खुला झाला, करार लांबले, आणि चाहत्यांना वर्षभर पुरेल एवढं रागवायला मिळालं.

आपला भेके

परदेशी खेळाडू गेला तर वाईट वाटतं, घरचा गेला की जिव्हारी लागतं. राहुल भेके मुंबईचा. १७ मार्च २०१९ ला आयएसएलचा अंतिम सामना अंधेरीत झाला, बंगळूर विरुद्ध गोवा. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला भेकेने हेडरवर गोल केला आणि बंगळूरला करंडक मिळवून दिला. मुंबईच्या मैदानावर, मुंबईच्या पोराने, दुसऱ्या गावासाठी. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत आला तेव्हा हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल त्याचाच. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिलावहिला विजय.

४ मे २०२४ ला मुंबईने सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून पुन्हा करंडक घेतला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात भेके, अल्बेर्तो नोगेरा आणि अंतिम सामन्यात गोल करणारा पेरेरा दियाझ, तिघेही बंगळूरला. अपुइया मोहन बागानला. जिंकलेला संघ दोन महिन्यांत विस्कटला. त्यावर लोक खवळले तर त्यांना दोष कसा द्यायचा?

निकाल २९ मार्च २०२५ ला लागला. बाद फेरीत बंगळूर ५, मुंबई ०. गोल करणाऱ्यांत छेत्री आणि पेरेरा दियाझ, दोघेही माजी मुंबईकर. खेळाडू-खरेदीवर एवढी रोखठोक टिप्पणी कुठल्या तज्ज्ञालाही जमली नसती.

कोच गेला आणि सगळ्यांचंच भलं झालं

असंही क्वचित होतं. डेस बकिंगहॅमने मुंबईला २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने अपराजित ठेवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये, भर हंगामात, तो आपल्या गावाकडे, ऑक्सफर्ड युनायटेडला गेला. आता बुडालो, असंच अंधेरीत वाटलं. पेत्र क्रॅटकी आला. ४ मे ला मुंबई जिंकली, १८ मे ला वेम्बलीवर बोल्टनला हरवून ऑक्सफर्ड वरच्या श्रेणीत गेलं. दोन आठवड्यांत दोन्हीकडे गुलाल! पण डिसेंबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डने बकिंगहॅमलाही काढलं. गाववाला म्हणून सूट नाही.

त्याच्याही आधीचा कोच जॉर्ज कोस्टा. २००४ मध्ये पोर्तोचा कर्णधार म्हणून युरोपचा चॅम्पियन्स लीग करंडक उचललेला माणूस. २०१९ च्या उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर गोव्याकडून ५-१ हरल्यावर त्याच्यावर बरीच आगपाखड झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी तो गेला.

डहाणू लोकलचा चाहता

लोकल डहाणू रोडपर्यंत आली २०१३ मध्ये, आयएसएल आली २०१४ मध्ये. योग जुळून आला असं वाटेल, पण मुंबई सिटी सुरुवातीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायची. म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या माणसाने पश्चिम रेल्वे सोडून पार हार्बरचा रस्ता धरायचा. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला तेव्हा निदान गाडी एकच राहिली. तरी उधव्याहून आधी डहाणू रोड गाठा, मग शंभरेक किलोमीटर लोकल. सामना रात्री साडेसातला सुरू होतो, शिट्टी वाजायला साडेनऊ. परतीला विरारच्या पुढे वेळापत्रकाशी झटापट. एवढं करून संघाने तीन गोल खाल्ले, तर त्या माणसाने कोचला चार शब्द सुनावण्याचा हक्क नक्कीच कमावलेला आहे. अंधेरीच्या स्टँडमधल्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’वाल्यांनाही एवढा हक्क नाही. ते रिक्षाने घरी जातात.

साहेबाच्या देशात

मँचेस्टर युनायटेडचे चाहते २०१४ मध्ये कोच डेव्हिड मॉयसवर इतके भडकले की वर्गणी काढून, त्याला हटवा असा फलक लावलेलं विमान सामना चालू असताना स्टेडियमवरून उडवलं. मार्च २०१७ मध्ये आर्सेनलच्या सामन्यावर तर दोन विमानं फिरली: एक वेंगर जा म्हणणारं, दुसरं वेंगर राहा म्हणणारं!

टॉर्की युनायटेडने २००७ मध्ये लेरॉय रोझेनियरला कोच नेमलं आणि दहाएक मिनिटांत क्लब विकला गेला. नव्या मालकांना तो नको होता. पुण्याच्या पोर्तुगालसाहेबांना तीन सामने तरी मिळाले.

खरेदीतली सगळ्यात अफलातून फसगत साउदॅम्प्टनची. १९९६ मध्ये कोच ग्रॅम सूनेसला फोन आला: मी जॉर्ज वेया बोलतोय, माझ्या भावाला घ्या. भाऊ अली दिया आला, बदली म्हणून उतरला, ५३ मिनिटं मैदानात बावरून धावला आणि शेवटी त्यालाही बदलावं लागलं. फोन वेयाचा नव्हता, आणि भाऊही भाऊ नव्हता. आणि २०१३ मध्ये वेस्ट ब्रॉमचा पीटर ओडेमविंगी ट्रान्सफरच्या शेवटच्या दिवशी सौदा ठरण्याआधीच गाडी घेऊन क्यूपीआरच्या दारात हजर झाला. सौदा झालाच नाही. गाडी वळवून परत.

तालमीचा न्याय

कोल्हापुरात या भानगडी विमानाने होत नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. तिथे संघ पेठेचा असतो, आणि पेठ शाहू स्टेडियमवर उतरते. आफ्रिकेतले खेळाडूही तालमींच्या जर्सीत खेळून गेले. कुणाला घेतलं, किती दिले, कशाला दिले, याचा जाब तिथे रोज द्यावा लागतो. कार्यकर्ते त्याच गल्लीत राहतात, सुटणार कुठे? अनेल्काला निदान परतीचं विमान होतं.

यादी वाचावी आणि गप्प बसावं

महिंद्रा युनायटेड: २००५-०६ मध्ये डेरिक परेराच्या हाताखाली राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी: २०१५. भारत एफसी, पुण्यातलाच: एकच हंगाम, तोही २०१५. डीएसके शिवाजियन्स: २०१७. मुंबई एफसी: २०१७. पुणे सिटी: २०१९. महाराष्ट्रात कोचला ‘चालता हो’ म्हणेपर्यंत मालकच कुलूप लावून जातो. गिरण्या आणि बँकांच्या संघांच्या काळात निदान खेळाडूच्या हाती नोकरी राहायची. संघ बुडाला तरी पगार चालू.

म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचे ६५ टक्के घेतले तेव्हा वाटलं, सुटलो, आता भांडायचं ते फक्त कोचशी. त्या मालकीत करंडकही आले. मग आयएसएलच्याच भवितव्यावर प्रश्नचिन्ह लागलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये ग्रुपने आपला हिस्सा सोडला. क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे. नावातलं ‘सिटी’ अनेकांना मँचेस्टरचं वाटतं, पण ते २०१४ पासूनचंच. त्यामुळे पाटी तरी बदलावी लागली नाही.